सातारा-सांगलीचे तंत्रशिक्षण : दार उघडले कोणी, उंबरठा वाढवला कोणी?

शैक्षणिक वर्ष संपत आले की सातारा-सांगलीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत वर्षाचा ताळेबंद मांडला जातो. प्राचार्य अहवाल वाचतात. कॅम्पसमधून किती मुलांना नोकऱ्या लागल्या, सर्वात मोठे पॅकेज किती, कोणत्या शाखेला मानांकन मिळाले, कोणत्या प्राध्यापकाला पेटंट मिळाले. गावातल्या चौकात फ्लेक्स लागतात. दहावी-बारावीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेले पालक ते फ्लेक्स वाचतात आणि मनातल्या मनात हिशेब करू लागतात.

मित्रांनो, त्या अहवालात एक रकाना नसतो. यावर्षी किती अनुसूचित जातीच्या मुलांनी प्रवेश घेतला, त्यातली किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकली, कितींची शिष्यवृत्ती वर्ष संपले तरी आली नाही, आणि त्यापायी कितींची कागदपत्रे कार्यालयात अडकून पडली? हा रकाना कोणी भरत नाही, कारण तो कोणी मागत नाही. आपणही मागत नाही.

या दोन जिल्ह्यांतल्या तंत्रशिक्षणाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्वच्छ दिसते. आपल्या मुलांसाठी हे दार गुणवत्तेच्या गप्पांनी कधीच उघडले नाही. ज्या ज्या वेळी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि घटनेचा आधार एकत्र आला, त्या त्या वेळी ते उघडले. ज्या ज्या वेळी खर्चाचा बोजा कुटुंबाच्या डोक्यावर ढकलला गेला, त्या त्या वेळी दार उघडे दिसत राहिले आणि उंबरठा मात्र वाढत गेला. आज आपण अशाच काळात आहोत. म्हणून हा इतिहास नीट समजून घ्यायला हवा.

तलाव खणणारे आणि तलाव आखणारे

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. इंग्रजी पहिली. रजिस्टरवरचा क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. आपण दरवर्षी त्या रजिस्टरच्या पानाचे छायाचित्र एकमेकांना पाठवतो. ते योग्यच आहे. पण त्याच काळातली दुसरी एक गोष्टही तंत्रशिक्षणाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे.

१९०१ साली सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे काम काढले होते. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरची वागणूक बदलली. गाडीवान गाडीत बसायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन त्याने गाडी दिली, मुलांनी ती स्वतः हाकली, आणि वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण पाण्यासाठी आठवतो. तो तंत्रज्ञानासाठीही आठवावा. मुले आगगाडीने आली होती, म्हणजे लोखंडी रुळांवरून. ती निघाली होती तलावाकडे, म्हणजे अभियांत्रिकीच्या कामाकडे. माणदेश आणि खटावच्या दुष्काळी कामांवर पोटासाठी माती कोणी उपसली? ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी. मोजमाप घेणारा, नकाशा आखणारा आणि मजुरीचा दर ठरवणारा वरच्या जातीतून नाहीतर साहेबांमधून आलेला असे. फौजेत शिकलेला एक महार सुभेदार त्या व्यवस्थेत फार तर पैशांचा हिशेब ठेवू शकला. खणणारे आपण आणि आखणारे ते, ही विभागणी जातीने केलेली होती. तंत्रशिक्षणाचा सगळा झगडा फावडे धरणाऱ्या हाताला नकाशा धरता येण्यासाठीचा आहे.

पुण्यात १८५४ सालीच सार्वजनिक बांधकामाच्या हाताखालच्या नोकरवर्गासाठी इंजिनिअरिंग क्लास सुरू झाला होता. पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. त्या काळात इंग्रजी शाळेपर्यंत पोचायचे कोण, हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव याच खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली होती. चुना, दगड, मजूर आणि साहेब हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणूनच १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शिक्षणावर भर दिला आणि कष्टकऱ्याच्या मुलाला उपयोगी पडेल असे व्यवहारी शिक्षण मागितले. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी तेव्हाच खोडून काढला होता. आज तोच सिद्धांत पॅकेजच्या आकड्यांचे कपडे घालून परत आला आहे.

मोट गेली, पंप आला, मोटवाला कुठे गेला?

१९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आले, पुढे पंप आले. या भागाच्या औद्योगिक इतिहासातली ही मोठी घटना आहे आणि ती नाकारायचे कारण नाही. वसाहतीत शिवाशीव पाळू नये, असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता, हेही नोंदवले पाहिजे.

पण आपण दुसऱ्या बाजूनेही पाहू. गावगाड्यात मोट हे एक यंत्र होते. तिचे कातडे ढोर-चांभाराने कमावलेले आणि शिवलेले, तिचे दोर मांगाने वळलेले, तिचे चाक सुताराचे आणि कणा लोहाराचा. कातडे कमावणे हे रसायनशास्त्र आहे. दोराला किती पीळ दिला म्हणजे तो भरल्या मोटेचा ताण सहन करील, हे पदार्थविज्ञान आहे. हे ज्ञान आपल्या लोकांच्या हातात होते. फक्त त्याला शास्त्र म्हणायची पद्धत नव्हती. त्याला जात म्हणत.

पंप आला आणि मोट गेली. बागायतदाराचा ऊस वाढला. मोट शिवणारा आणि दोर वळणारा मात्र बेकार झाला. त्याच्या मुलाला फिटर, टर्नर, मेकॅनिक करण्याची सोय तेव्हा कोणीच उभी केली नाही. यंत्राने काम काढून घेतले आणि यंत्राचे शिक्षण दुसऱ्याच्या मुलाला मिळाले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा एक मांग मुलगा शाळा सोडून बापाबरोबर मुंबईला गेला आणि गिरणीच्या धुराड्याखाली वाढला. तो पुढे अण्णा भाऊ साठे झाला हे त्याचे कर्तृत्व. पण त्याच वाटेने गेलेले हजारो हात नावाशिवाय विरून गेले. तंत्रज्ञान आपोआप जात मोडते, असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

कर्मवीरांचा धडा : आधी वसतिगृह

याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरणारा एक माणूस होता. भाऊराव पाटील. नांगर विकता विकता त्यांनी गावे पाहिली आणि शाळेच्या दाराबाहेर बसलेली मुलेही पाहिली. ज्ञानदेव घोलप या महार मुलाला त्यांनी कोल्हापूरला शिकायला नेले. तेच घोलप पुढे बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे संपादक झाले आणि मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. आंबेडकरी पत्रकारितेचा एक धागा असा थेट सातारा जिल्ह्यातल्या एका मुलाच्या शिक्षणाशी जोडलेला आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी मुले एका पंगतीत जेवू लागली. भाऊरावांना एक गोष्ट कळली होती. गरिबाच्या मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही. त्याला दोन वेळचे जेवण, झोपायला जागा आणि बरोबरीने वागवणारी माणसे लागतात. इमारत नंतर बांधता येते.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. 'कमवा आणि शिका' हे तिथे पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाक्य नव्हते. मुले शेतात राबत, खडी फोडत आणि फी भागवत.

त्याच १९४७ साली सांगलीत धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केले. १९५५ साली उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने त्याला आर्थिक बळ मिळाले आणि ते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालय काढणे ही साधी गोष्ट नव्हती. तोवर दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलाला पुणे किंवा मुंबई गाठावी लागे.

या दोन संस्था शेजारी ठेवून पाहा. सांगलीत यंत्रशाळा आली, साताऱ्यात वसतिगृह आले. एकीकडे ज्ञान होते आणि दुसरीकडे त्या ज्ञानापर्यंत पोचायचा जिना होता. आपल्या मुलांचे नुकसान झाले ते हे दोन्ही एका जागी फार उशिरा आल्यामुळे. भाऊरावांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय साताऱ्यात उभे राहिले ते त्यांच्या निधनानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

बाबासाहेबांनी नेमके काय मागितले होते?

आपल्या तरुणांत एक समज पसरला आहे, की बाबासाहेब म्हणजे कायदा आणि अर्थशास्त्र. तंत्रविज्ञान हा विषय जणू दुसऱ्या कोणाचा. हा समज चुकीचा आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात त्यांनी रोखठोक मांडले, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळाले तरच समाज उभा राहील. पण ते महाग आहे, आमच्या लोकांच्या खिशाला झेपणारे नाही, म्हणून ती सरकारची जबाबदारी आहे. त्यांनी आकडाही दिला. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख. सरकार बनारस आणि अलिगढच्या विद्यापीठांना दरवर्षी अनुदान देते, मग अस्पृश्यांना का नाही, असा बिनतोड सवाल केला. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी केली.

ही मागणी कोणाची आहे हे लक्षात घ्या. मसूरच्या स्टेशनवर ज्याला गाडीवानाने नाकारले, त्याने रेल्वेच्या कारखान्यात आपल्या पोरांसाठी जागा मागितली.

१९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज आपण महाडीबीटीवर भरतो, तिचे मूळ इथे आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही, कोणत्या पक्षाची भेटही नाही. ती बाबासाहेबांनी आकडेमोड करून, पुरावे देऊन, भांडून मिळवली आहे. मजूर खात्यातून त्यांनी युद्धकाळातले तंत्रप्रशिक्षण, सेवायोजन कार्यालये, वीज आणि जलनियोजनाच्या मध्यवर्ती यंत्रणा यांच्या कामाला दिशा दिली. तलाव खणणाऱ्यांच्या घरातला माणूस देशाच्या नद्यांचे नियोजन करू लागला होता.

राज्यघटना लागू झाल्यावर पहिला घाव कुठे बसला, तेही पाहा. मद्रास प्रांतातल्या प्रवेशाच्या राखीव जागांना दोन अर्जदारांनी आव्हान दिले. एक प्रकरण वैद्यकीय महाविद्यालयाचे होते आणि दुसरे अभियांत्रिकीचे. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांचा आदेश रद्द केला. त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या आरक्षणाची पहिली लढाई अभियांत्रिकीच्या वर्गाच्या दारातच झाली. हा योगायोग नाही. जिथे सत्तेची किल्ली असते, तिथेच पहिले कुलूप लावले जाते.

१९६० : कऱ्हाड आणि धर्मांतरितांच्या सवलती

सातारा आणि सांगली पूर्वी एकच जिल्हा होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याचे नाव सांगली पडले. त्याच १९६० साली कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. देवराष्ट्रे गावात जन्मलेले आणि कऱ्हाडला वाढलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. कोयना धरणाचे काम शेजारीच चालू होते. सरकारी फीमध्ये, दोन्ही जिल्ह्यांच्या मधोमध, अभियंता होण्याची सोय झाली.

या वर्षाला आपल्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, बौद्ध झालात म्हणून सवलती बंद, असे सांगितले जाऊ लागले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर चव्हाण सरकारने १९६० मध्ये बौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या. केंद्राला हे करायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे मधली तीस वर्षे सातारा-सांगलीतला बौद्ध मुलगा कऱ्हाडला राखीव जागेवर अभियंता होऊ शकत होता, पण तीच पदवी घेऊन केंद्राच्या नोकरीत राखीव जागा मागायला गेला तर त्याला ती मिळत नव्हती. धम्म स्वीकारल्याची किंमत एका पिढीने अशी मोजली आहे. त्या पिढीतले जे काही अभियंते पाटबंधारे, बांधकाम, वीज मंडळात लागले, त्यांनीच पुढे वस्तीवस्तीत मुलांना शिकायला पैसे दिले, विहारे बांधली, जयंतीचे वर्गणीदार झाले. शासकीय फी, राखीव जागा आणि शिष्यवृत्ती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते, याचा तो जिवंत पुरावा आहे.

१९८३ : दारे वाढली, किल्ली बदलली

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दादा सांगलीचे. युक्तिवाद असा होता, की सरकारकडे पैसा नाही आणि आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात, तर तो पैसा इथेच राहू द्या. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामनगरला राजारामबापू तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. त्या काळात आणि पुढे बुधगाव, सातारा, आष्टा अशी केंद्रे तयार झाली.

या निर्णयाने काही चांगले झाले का? झाले. जिरायती शेतकऱ्याचा मुलगा, गावातल्या शिक्षकाची मुलगी, ज्यांना पुण्याचे दार कधी दिसले नसते, ते अभियंते झाले. हे नाकारून टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण सत्तेचे काय झाले? तंत्रशिक्षणाची किल्ली पूर्वी शहरी उच्चवर्णीयांच्या हातात होती. ती साखर कारखाना, सहकारी बँक आणि शिक्षण संस्था एकाच घरात असणाऱ्यांच्या हातात गेली. बहुजन समाजातल्या जमीनदार थराला वाटा मिळाला. भूमिहीन थर पुन्हा फाटकाबाहेर. ऊस तोडणारा फडात राहिला आणि उसाच्या पैशावर उभी राहिलेली इमारत त्याने रस्त्यावरून पाहिली. देणगीचा बाजार इतका वाढला, की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी विरोधी कायदा करावा लागला.

पुढची लढाई कोर्टात गेली. २००५ साली इनामदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार आपले आरक्षण लादू शकत नाही. हे प्रकरण महाराष्ट्रातले होते. संसदेने ९३वी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणले. महाराष्ट्राने २००६ साली खासगी व्यावसायिक संस्थांतील राखीव जागांचा कायदा केला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी विनाअनुदानित संस्थांपुरतेही १५(५) वैध ठरवले. १९५१ मध्ये जी लढाई सरकारी वर्गाच्या दारात झाली, तीच खासगी वर्गाच्या दारात पुन्हा लढावी लागली. जागा मिळाली. आता प्रश्न तिथे टिकण्याचा आहे.

आजचा ताळेबंद

जमेची बाजू आधी मांडू. वालचंद महाविद्यालय २००७ पासून स्वायत्त आहे. कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय आणि राजारामनगरची संस्थाही स्वायत्त झाल्या. या संस्थांतून बाहेर पडलेले अभियंते जगभर आहेत. त्यात आपल्या वस्त्यांतली मुले-मुलीही आहेत. ज्या घरात पहिला दहावी पास माणूस वडील होते, त्या घरातली मुलगी आज सॉफ्टवेअर कंपनीत बसते. हे यश खरे आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हवा.

आता खर्चाची बाजू.

पहिली अडचण शिष्यवृत्तीची. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा ढाचा बदलला. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना, ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. रक्कम वाढली, त्याचे स्वागतच. पण केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न खात्यावर जमा होऊ लागला आणि तो पुढे महाविद्यालयात भरायची जबाबदारी विद्यार्थ्यावर आली. हप्ता उशिरा आला, आधार बँकेशी जुळले नाही किंवा पोर्टलवर अर्ज अडकला, की महाविद्यालयाच्या लेखी थकबाकीदार कोण? सरकार नव्हे. अठरा वर्षांचा मुलगा. परीक्षेच्या तोंडावर त्याला खिडकीशी उभे करून फी कधी भरतोस, असे विचारले जाते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांकडून प्रवेशावेळी शिक्षण शुल्क वसूल करू नये, असे शासन वेळोवेळी बजावते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१८ साली स्पष्ट केले आहे. तरीही दर जूनमध्ये कार्यकर्त्यांचे फोन याच तक्रारींनी वाजतात.

दुसरी अडचण पोटाची. अभियांत्रिकी पदवीच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीत वर्षाला १३,५०० रुपये निर्वाह भत्ता आहे. महिन्याला ११२५ रुपये पडतात. घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ७,००० रुपये, म्हणजे महिन्याला सहाशेही नाहीत. जत किंवा आटपाडीहून सांगलीला येणाऱ्या मुलाने यात एसटीचा पास काढावा, जेवावे की वर्कशॉपचा एप्रन शिवावा? ज्यांना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सांगलीसारख्या महापालिका क्षेत्रात तिची रक्कम वर्षाला ५१,००० आणि साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० ठरवली गेली. योजना चांगली आहे. पण खानावळवाला दर महिन्याला पैसे मागतो आणि स्वाधारचा हप्ता अनुदान येईल तेव्हा येतो. भाऊरावांनी १९२४ साली ओळखलेली गोष्ट शंभर वर्षांनीही सरकारच्या वेळापत्रकात बसलेली नाही.

तिसरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे लागतात. त्यात सर्वात वजनदार पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद. यातला क्रूर विनोद पाहा. ज्यांना शाळेत येऊ दिले नाही, त्यांच्याच नातवांकडे शाळेचा पुरावा मागितला जातो. १९०० सालच्या साताऱ्यात भिवा रामजीचे नाव रजिस्टरवर चढले, पण त्याच्या वयाच्या किती महार-मांग मुलांची नावे चढली असतील? त्यांच्या वारसांना मग जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ आणि महार वतनाचे उतारे धुंडाळत तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ही धावपळ बारावीच्या निकालानंतर सुरू केली तर वेळ हातची जाते, जागाही जाते.

चौथी अडचण शाखांची. संगणकाच्या शाखांकडे सगळा ओढा आहे. २०२४ पासून तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांना एका शाखेत हव्या तितक्या जागा वाढवायची मुभा दिली. स्थापत्य, यंत्र, विद्युत या शाखांचे वर्ग रिकामे राहू लागले. आपल्या मुलांनी ही गोष्ट डोळसपणे पाहावी. पाटबंधारे, बांधकाम, महावितरण, जिल्हा परिषद या ठिकाणची राखीव पदे याच शाखांतून भरली जातात. फ्लेक्सवरचे पॅकेज पाहून ती वाट सोडून देऊ नये. तलाव आखणाऱ्याची खुर्ची अजून तिथेच आहे.

पाचवी अडचण शिकवणाऱ्यांची. कायम पदे भरायची नाहीत, तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर माणसे घ्यायची, ही रीत सगळीकडे पसरली. कंत्राटी नेमणुकीत बिंदुनामावली गळून पडते. राखीव जागेवर शिकलेल्या मुलासमोर त्याच्या समाजाचा प्राध्यापक उभाच राहत नाही. मग वर्गात टोमणा बसला तर तो सांगणार कोणाला?

जूनच्या आधी करायची कामे

इतिहास सांगून थांबलो तर ते भाषण होईल. बाबासाहेबांनी १९४२ साली तक्रार केली ती आकडे आणि मागण्या घेऊन. आपणही तसेच करू.

शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. प्रवेश घेतलेले, उत्तीर्ण झालेले आणि मध्येच सोडून गेलेले अनुसूचित जातीचे विद्यार्थी शाखानिहाय किती, गेल्या पाच वर्षांचे आकडे मागा. विनाअनुदानित संस्थांची माहिती पुण्याच्या तंत्रशिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून आणि सातारा व सांगलीच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडून मागता येते. प्रलंबित शिष्यवृत्तीचे अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर अडकलेत की कार्यालयाच्या, हे वेगवेगळे विचारा. निम्मे उत्तर त्यातच मिळते.

फीसाठी निकाल, दाखला किंवा गुणपत्रिका अडवली तर तोंडी भांडण करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत समाजकल्याण कार्यालयाला द्या. महाविद्यालयातले समान संधी केंद्र कागदावर आहे की चालू आहे, ते विचारा. फी जास्त वाटत असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा तपासा.

वस्तीतल्या अकरावीच्या मुलांची यादी करा. त्यांच्या वैधता प्रमाणपत्राचे काम आताच सुरू करा. एकाच भावकीतल्या एकाला वैधता मिळाली की बाकीच्यांचे काम सोपे होते. हे काम जयंती मंडळाने करावे. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एका गावाची सगळी कागदपत्रे निघतात, हे कडू असले तरी खरे आहे.

आणि जे अभियंते झाले आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या शिक्षणात १९४४ च्या त्या ३ लाख रुपयांचा अंश आहे, कर्मवीरांच्या पंगतीतला घास आहे, १९६० च्या सवलतींचा आधार आहे. सांगली, कऱ्हाड, सातारा, इस्लामपूर इथे प्रत्येक ठिकाणी पाच-सहा अभियंत्यांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली आणि हप्ता येईपर्यंत मुलांच्या जेवणाची सोय केली, तर सरकारचा उशीर कोणाचे वर्ष बुडवू शकणार नाही. सरकारची जबाबदारी सरकारने पार पाडावी, यासाठी भांडणही चालू ठेवायचे आणि तोवर मुलगा उपाशीही राहू द्यायचा नाही. दोन्ही कामे एकदमच करावी लागतात.

पुढच्या वर्षी महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल वाचला जाईल तेव्हा त्या सभेत आपली चार पोरे बसलेली असावीत. पॅकेजच्या आकड्याला टाळ्या वाजवून झाल्या की त्यांनी उभे राहून विचारावे : आमच्यातली किती आली, किती टिकली, किती पुढे गेली? उत्तर मिळेपर्यंत त्यांनी खाली बसू नये.

जय भीम! जय ज्योती! जय संविधान!